लाल रेघ

“आक्का, इंजिन मॅनिफोल्डच्या सांध्यातून हवा ओढतंय. रंगरावानं सांध्यातल्या पट्टीचं गॅस्केट चुकीचं बसवलंय,” इंजिनात डोकावत मेस्त्री म्हणाला.

“माझ्या लेकाचं काम चुकत नसतं. खोल, दाखव मला. गॅस्केट नीट निघालं तर मिशी उतरवशील?”

बापाची जुनी फियाट चालू करायच्या खटपटीत असतानाच माझा रंगराव एका रात्री झोपेतच वारला. त्याच्या शेवटच्या कामाला कुणी नावं ठेवावीत आणि मी ऐकून घ्यावं?

त्याची एक रीत होती. नट पक्का आवळला की बायकोच्या नेलपॉलिशनं नटावरून खालच्या लोखंडावर लाल रेघ ओढायची. नट हलला की रेघ तुटते. म्हणायचा, “आई, कागदावर सहीऐवजी तुझा अंगठा, तशी माझी ही रेघ.”

मेस्त्रीनं पाना लावला. एकेक रेघ तुटत गेली. शेजारी उभ्या सुनेनं तोंड फिरवलं. मी मान ताठ ठेवली. मागच्या बाजूचा, खालचा शेवटचा नट मात्र नुसत्या बोटांनीच फिरला. त्याच्यावर रेघच नव्हती.

मॅनिफोल्ड निघाला. गॅस्केट जागच्या जागी, अखंड.

“काम चुकलं नव्हतं, आक्का,” मेस्त्री हळू बोलला. “हा एकच नट आवळायचा राहिला होता. सकाळी आवळणार असेल.”

“म्हणजे तेवढाच आवळला असता तर...” सून म्हणाली.

“गाडी चालली असती. बाकी काही खोलायला नको होतं.”

मी खरी ठरले होते. पण लेकाच्या हातचं जेवढं जसंच्या तसं उरलं होतं, ते माझ्याच हट्टानं, माझ्या डोळ्यांदेखत मोडलं होतं.