पानापानावर हिंदुराव

"चोर घावला!" कोंडाजी जिना चढता चढताच ओरडले. "पूनम, आपलं पुस्तक फुटलं!"

चिखलीतल्या एका वर्कशॉपच्या डोक्यावर पूनमच्या ई-पुस्तकांच्या प्रकाशनाच्या दोन खोल्या होत्या. खाली प्रेस मशिन धडधडत होती. तिनं चष्मा कपाळावर सारला.

"किती जणांकडे गेलं, काका?"

"किती काय इचारतीस? कुणी फोडलं ते इचार!"

त्यांचा संताप वाजवीच होता. एकतीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. निवृत्तीनंतर कंपनीतल्या आठवणींच्या सहा वह्या भरल्या, त्यांतल्या तीन वह्यांचं हे पुस्तक. नोकरीत असताना त्यांनी सुचवलेली एक सुधारणा सुपरवायझरनं स्वतःच्या नावावर खपवली आणि बक्षीसही लाटलं. तेव्हापासून त्यांनी चोरीचा धसकाच घेतला होता. "पयलं पुस्तक चोरीला गेलं, तर राहिलेल्या तीन वह्या इसरायच्या," अशी त्यांची अट होती. पूनमकडे दुसरा लेखक नव्हता. त्या वह्या गेल्या, की प्रकाशनाला कुलूप. तरीही तिनं अट तोंड भरून हसत मान्य केली होती.

पुस्तकाची चर्चा व्हावी म्हणून चिठ्ठ्या टाकून पंचवीस वाचकांना ते बक्षीस द्यायचं ठरलं, तेव्हा कोंडाजी अडून बसले. पूनमनं तोडगा काढला. प्रत्येक प्रतीच्या पानापानावर, खोडता येणार नाही असं, विजेत्याचं नाव आणि मोबाइल नंबर. "स्वतःच्या नावानिशी कोण चोरी करील, काका?" म्हाताऱ्यांनाही दिसावं म्हणून अक्षर जरा ठसठशीतच ठेवलं. चोवीस चिठ्ठ्या कोंडाजींनी उचलल्या. शेवटची, मानाची म्हणून, पूनमनं.

आणि आता आठच दिवसांत त्यांच्या जुन्या दोस्तांच्या ग्रुपवर अख्खं पुस्तक येऊन पडलं होतं. कोंडाजींनी मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. पानाच्या तळाशी नाव होतं: श्री. हिंदुराव, महाळुंगे. खाली नंबर. पुढच्या पानावर तेच, त्याच्याही पुढच्या पानावर तेच.

"नाव-गाव-नंबर सगळं हाय! आता कुठं पळतोय?" कोंडाजींना चांगलाच चेव आला होता. रागाच्या जोडीला चोर पकडल्याचा आनंदही होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे पुरावा होता.

"चला," पूनम म्हणाली आणि तिनं स्कूटरची किल्ली उचलली.

तळवड्याच्या पुढे कंटेनरच्या रांगा लागल्या होत्या. त्यांतून वाट काढत स्कूटर चालली होती आणि मागे बसलेले कोंडाजी हिंदुरावाला काय काय सुनावायचं याची मोठ्यानं तालीम करत होते. शेजारचा एक ट्रकवाला मान डोलावून ऐकत होता.

हिंदुराव महाळुंग्यातल्या जुन्या घराण्यातला. औंदा त्याला जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं, म्हणून त्याच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. कोंडाजींनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात हिंदुराव खुर्चीवरून उठून त्यांच्या पायाच पडला.

"या, या! लेखक आले! शाल आणा रे!"

"शाल राहू दे," कोंडाजी कडाडले. "माझं पुस्तक किती जणांना वाटलंस?"

"नऊ हजार, काका! पार राजगुरुनगरपतोर."

"आणि लाज न्हाई वाटली?"

हिंदुराव गोंधळला. "लाज कशाची? लोकं देवळाला पंखा देत्यात अन् पात्यावर नाव टाकत्यात. बाकडं देत्यात, पाठीवर नाव टाकत्यात. जो देतो त्याचं नाव. तुमी तर मला पानापानावर नंबरासकट टाकून दिलं. मग आमी वाटायचं न्हाई व्हय? तिकडं आमच्या इरोधातला ज्योतीराम जळून खाक झालाय!"

तेवढ्यात गर्दीतून एक कंपनीच्या गणवेशातला माणूस पुढे सरसावला. "तुमीच का कोंडाजी? तो लेथवर वडे गरम केल्याचा किस्सा आमी नाइट शिफ्टला मोठ्यानं वाचला. लई हसलो राव! पुढचा भाग कवा?"

मग दुसरा आला, तिसरा आला. सगळ्यांना पुढचा भाग हवा होता. कोंडाजींच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सुपरवायझरनं लाटलेलं ते बक्षीस आज व्याजासकट परत मिळाल्यासारखं त्यांना वाटलं.

"पूनम," ते म्हणाले, "उद्या सकाळी येऊन तीनही वह्या घिऊन जा. माझी अट गेली खड्ड्यात."

हिंदुरावानं त्यांना फोटोसाठी ओढून नेलं. पूनम मान हलवून बाहेर गेली.

शाल सावरत कोंडाजी बाहेर आले, तेव्हा ती स्कूटरपाशी पाठमोरी उभी राहून फोनवर दबक्या आवाजात बोलत होती.

"काळजी करू नका, ज्योतीरामभाऊ. दुसऱ्या भागाच्या चिठ्ठ्या पुढच्या महिन्यात काढायच्या आहेत, पण या खेपेला मी तुमचीच उचलणार."