आतला फोटो

ग्रुपवर त्याला सगळे ‘स्क्रूमास्तर’ म्हणत. कुणाच्या कॉम्प्युटरला कोणतं व्हिडिओ कार्ड बसेल, हे तो नुसत्या फोटोवरून सांगायचा आणि सहसा चुकायचा नाही. आज एका नव्या मेंबरनं विचारलं होतं, “मशीन जुनं आहे, पण कार्ड चांगलं हवंय. कोणतं घेऊ?”

त्यानं नेहमीसारखं लिहिलं, “झाकण काढून आतला फोटो टाका.”

फोटो आला. आतल्या सगळ्या वायरी केसांच्या लाल रिबिनीनं करकचून बांधल्या होत्या.

स्क्रूमास्तरनं फोटो मोठा करून पाहिला. त्यानं तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी कसंबसं पाठवलं, “फार जुनं झालंय हे. नवंच घ्या ना.”

उत्तर तडकून आलं. “नवं नको! हे माझ्या मुलानं जोडलंय, आईची रिबीन पळवून. पाच वर्षांपूर्वी भांडून गेलाय. उद्या आला तर म्हणायला नको, माझं मशीन सडवलंत. तुम्ही फक्त कार्डाचं नाव सांगा, उगाच फाटे फोडू नका.”

 

“घेऊ नका, बाबा. मी घेऊन येतो.”