पहिला चौकोन

“हे तुला पटायचं नाही. आजवर कुणालाच पटलेलं नाही,” सहदेव खाटेवर मांडी घालत म्हणाले. “पण आमच्या लग्नाचे फोटो वानरानं पळवले.”

त्यांच्या सुनेने, स्वप्नाने, लॅपटॉपवरून मान वर केली नाही. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला आज पन्नास वर्षं झाली होती. संध्याकाळी मिरजोळ्याच्या हॉलवर जमणाऱ्या सगळ्यांना गॅलरीची लिंक पाठवायची होती. काम सोपं. फोटो ओढून चौकोनात टाकायचा, खाली ओळ लिहायची. पहिला, लग्नाचा चौकोन तेवढा रिकामा होता. तो भरल्याशिवाय लिंक पाठवायची नाही, असं सासूबाईंनी बजावलं होतं.

“बाबा, एक तरी फोटो असेल.”

“तेच तर सांगतोय! संगमेश्वराहून फोटोवाला आला सायकलवर. काय देखणा गडी! वाटेत वहाणेचा अंगठा तुटला, पोटात सकाळपासून चहासुद्धा नाही...”

“त्याच्या पोटातलं तुम्हाला काय ठाऊक?”

“तोंडावर दिसतं गो! त्यानं नवरीवर कॅमेरा धरला नि बटण दाबायचंच विसरला. पिवळ्या साडीत काय दिसत होती! तेवढ्यात फणसावरून वानर उतरलं, कॅमेरा गळ्यात घातलान नि थेट हेदवी गाठलीन.”

सासूबाई, कमलाबाई, उंबऱ्यावर सुकट निवडत होत्या.

“आणि बाकीच्या फोटोंत तुम्ही कसे नाही? बारसं, घरभरणी, भाट्याचा समुद्र. जिथे तिथे आईच.”

“मी पडलो लाजाळू.”

स्वप्ना हसली. “मग तसंच लिहिते. ‘फोटो वानराने नेला.’”

“पुस ते.” कमलाबाई उठल्या. ट्रंकेच्या तळातून त्यांनी साडीत गुंडाळलेला एक फोटो काढला. “हा लाव.”

स्वप्नाने उलटसुलट पाहिला. “आई, हा तर नुसता काळा आहे!”

“कमल, ठेव तो,” सहदेव हळूच म्हणाले.

“का ठेवू? माझी लाज राखायला पन्नास वर्षं वानरं नाचवलीत, पुरे झालं. खोटं आहे गो सगळं! मुंबईचा नवरा मुलगा आलाच नाही. मी हार घेऊन उभी. तेव्हा ह्या फोटोवाल्यानं कॅमेरा माझ्या बापाच्या हातात दिलान नि दुसरा हार उचललान. आता बापाला काय ठाऊक, कॅमेऱ्याचं झाकण काढायचं असतं?”