बुजवलेला तलाव

रायपूरच्या त्या पार्कातला कमळांचा तलाव बुजवून तिथं उंच पाळणा उभारला होता. प्रेमलेला तो बघवत नव्हता. लग्नाआधी ती आणि शंकर तलावाकाठच्या बाकावर तासन्‌तास बसायचे.

पाळण्याच्या चकचकीत पत्र्यात मात्र तलाव जसाच्या तसा दिसत होता. बाकावर शंकर बसला होता, आणि ओल्या केसांची एक परकी बाई त्याच्या खांद्यावर डोकं टेकून होती.

प्रेमलेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती गर्रकन वळली. शंकर मागेच तिकिटं घेऊन उभा होता.

"तुमच्या बाजूला कोण बसून राहिली होती?"

"काहून अशी करतं व? मी तं आत्ताच आलो खिडकीवरून."

त्याच्या खांद्याला एक लांब केस चिकटला होता. त्यातून अजून पाणी ठिबकत होतं.