तांबडं फडकं

टाळेबंदीचा विसावा दिवस. नोएमीची अरेपाची, म्हणजे मक्याच्या जाड भाकरीची, हातगाडी बंद होती आणि घरातलं मक्याचं पीठ तळाला गेलं होतं. बोगोता शहराच्या त्या उतारावर ज्याची चूल पेटत नाही, त्याने खिडकीला तांबडं फडकं बांधायचं. मदतीची गाडी तिथेच थांबे, शेजारीही जमेल ते आणून देत. नोएमीनेही बांधलं.

समोरच्या ओतिलियाबाईंनी ते ओढून फेकलं. "भीक मागायला लाज नाही वाटत? गल्लीची शोभा घालवलीस!"

दुपारी गाडी आली आणि कोरी खिडकी बघून पुढे गेली. उरलेलं मूठभर पीठ नोएमीने सकाळसाठी राखलं; पोरं पाणी पिऊन झोपली.

सकाळी तेच फडकं नोएमीने ओतिलियाबाईंच्या खिडकीच्या गजांना बांधलं. तीन गाठी मारून.

आठ वाजेतो त्यांच्या दारात शेजाऱ्यांची रांग लागली. तोंडाला मास्क, मध्ये दोन हात अंतर, हातात कुणाच्या वाटीभर मसूर, कुणाच्या दोन बटाटे.

"आधी सांगायचं ना, बाई!"

"अहो, ते माझं नाही!"

"असू दे हो. आम्हीही आधी असंच म्हणायचो."



शेवटी नोएमी पुढे झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अर्धी अरेपा पोरांना दिली, अर्धी तुम्हाला आणलीय. घ्या बाई, यात लाज कसली?"