पहिलं नाव

सोमवारी सकाळी नऊ बत्तीसला अलास्काच्या जहाजावरच्या सहलींची यादी उघडली. शंकर नगरमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिघं डायनिंग टेबलाशी बसली होती. लॅपटॉपसमोर सून अस्मिता, माहेरची हिंदी भाषक. तिच्या उजवीकडे सासरे मारोतराव, रेल्वेचे निवृत्त गार्ड. डावीकडे सासूबाई मंदाकिनी, निवृत्त शिक्षिका. मे महिना होता. कूलर सकाळपासून चालू होता.

जहाजाची तिकिटं व्हँकुव्हरच्या लेकीने, शर्मिष्ठाने काढली होती. ऑगस्टमध्ये निघायचं. वाटेत तीन बंदरं. प्रत्येक बंदरात उतरून काय पाहायचं ते आधी ठरवायचं होतं, आणि जागा मोजक्या होत्या.

मारोतरावांनी बंदरं वहीत स्टेशनांसारखी लिहून काढली होती. पोहोचायची वेळ, सुटायची वेळ, मधला थांबा. जहाज सुटण्याच्या एक तास आधी परत, हा नियम त्यांनी स्वतःच लाल शाईने घातला होता. पस्तीस वर्षं गाडी त्यांच्या हिरव्या झेंडीशिवाय हलली नव्हती. जहाज कोणाच्या झेंडीने सुटतं, हे लेकीला तीनदा विचारून झालं होतं.

पहिल्या बंदरात बोटीतून देवमासे. दोन जागा मिळाल्या. दुसऱ्या बंदरात डोंगरातून जाणारी जुनी रेल्वे. ती मारोतरावांची निवड. त्याही मिळाल्या.

"जन्म रेल्वेत काढला, तिथंबी रेल्वेच," मंदाकिनीबाई म्हणाल्या, पण हरकत घेतली नाही. त्यांचं मागणं एकच होतं, तिसऱ्या बंदरातलं. हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरायचं आणि बर्फावर दोन तास चालायचं.

सातवीच्या वर्गाला त्यांनी सव्वीस वर्षं हिमनदी शिकवली होती, हिंदी माध्यमाच्या शाळेत, फळ्यावर खडूने काढून. मुलांनी बर्फ पाहिलेला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. ही नदी रोज वीतभर पुढे सरकते असं सांगितलं की दरवर्षी कोणीतरी विचारायचं, मैडम, आपने देखा है? मंदाकिनीबाई पुढचा धडा उघडायला सांगायच्या.

हेलिकॉप्टरसाठी वजन लिहायचं होतं. मंदाकिनीबाईंनी अठ्ठावन्न सांगितलं. मारोतराव वहीतून मान वर न करता म्हणाले, चौसष्ट. अस्मिताने चौसष्ट लिहिलं. गुडघ्यांचा काही त्रास आहे का, या प्रश्नाला मारोतरावांनी आपल्या नावापुढे 'नाही' लिहायला लावलं. ते खोटं होतं, हे टेबलाशी बसलेल्या तिघांनाही ठाऊक होतं. पण बायकोला परक्या मुलखात एकटीला पाठवायचं नाही, हे त्यांचं पक्कं होतं.

"पहिलं नाव माझं टाक," ते म्हणाले. रिझर्वेशनचा प्रत्येक फॉर्म त्यांनी जन्मभर असाच भरला होता.

अस्मिताने तसं टाकलं आणि बटण दाबलं. मारोतरावांच्या नावापुढे हिरवी खूण आली. मंदाकिनीबाईंच्या नावापुढे आलं, वेटिंग दोन.

"आई, एक ही सीट बची थी," अस्मिता म्हणाली.

नाव बदलता येईल का, हे तिने शर्मिष्ठाला फोन करून विचारलं. तिकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. शर्मिष्ठाने नियम वाचून दाखवला. जागा ज्याच्या नावाची त्याचीच. रद्द केली तर वेटिंगमधल्या पहिल्या माणसाला जाते.

मग मारोतराव म्हणाले की असंच असेल तर ते जाऊन येतील. चांगले फोटो काढून आणतील.

"फोटो त पुस्तकातबी होता," मंदाकिनीबाई म्हणाल्या. उठल्या आणि बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा मोडायला स्वयंपाकघरात गेल्या.

मारोतरावांनी चष्मा पुसला. लाल शाईचं पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. आतून शेंगा मोडल्याचा आवाज येत होता.

"माझी कॅन्सल कर," ते म्हणाले.

"बाबा, वो सीट आई को नहीं मिलेगी. वेटिंग एकवाले को जाएगी."

"मले माहीत हाय. त्याच्या मागं कोण हाय?"

अस्मिताने स्क्रीनकडे पाहिलं. "आई."

"मंग कर."

"आई अकेली जाएगी?"

मारोतरावांनी वही पुढे ओढली. अस्मिताने आणखी क्षणभर वाट पाहिली आणि बटण दाबलं. हिरवी खूण गेली. नऊ अठ्ठावन्नला मंदाकिनीबाईंच्या नावापुढचा आकडा बदलला. मारोतरावांनी वहीत तिसऱ्या बंदराच्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे लिहिलं, जहाजावर.

ही बातमी स्वयंपाकघरात अस्मितानेच नेली. मंदाकिनीबाईंनी ऐकून घेतलं. राहिलेल्या शेंगा मोडल्या. मग त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि नवऱ्याला विचारलं, "तुम्ही दिवसभर जहाजावर काय करसान?"

"झेंडी कोण दाखवते ते पाहीन," मारोतराव म्हणाले.

गुरुवारी मंदाकिनीबाई बाजारातून घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घेऊन आल्या. बूट तिथेच मिळतात, हे अस्मिताने त्यांना दोनदा सांगितलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी सहाला त्या ते घालून गच्चीवर पाऊण तास चालतात. मारोतराव पाण्याच्या टाकीच्या सावलीत हातात घड्याळ घेऊन बसतात.

साडेनऊला ते अस्मिताकडून यादी उघडून घेतात आणि वहीत नोंद करतात. अकरा नोंदी झाल्या आहेत. शेवटची आज सकाळची: नऊ बत्तीस, वेटिंग एक.