टेकू

चकती पुन्हा केसभर अलीकडेच थांबली. छोटं इंजिन शेडच्या दिशेने निघालं आणि दोन रुळांमधल्या फटीत पुढचं चाक घालून बसलं.

"बस आता तिथेच," तो म्हणाला.

उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. माणसांनी भरलेला पिंजरा मजल्याशी असा थांबवायचा की कुणाला ठेच लागता कामा नये, अशी त्याची ख्याती. आणि आता घरच्या खेळातल्या रेल्वेची ही ताटलीएवढी चकती त्याला भीक घालत नव्हती. पाठीवर आलेलं इंजिन गोल फिरवायचं आणि शेडच्या रुळासमोर थांबायचं, एवढंच तिचं काम. गेल्या महिनाभरात मोटर बदलून झाली, दाते घासून झाले, तारा नव्याने जोडून झाल्या. रूळ मांडलेल्या फळीवर रेलून तो मोजमाप करायचा तेव्हा रुळाला रूळ अगदी जुळायचा. खुर्चीत बसून बटण दाबलं की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

चिडायचंही त्राण उरलं नव्हतं. त्याने खोकं ओढलं आणि डबे भरायला घेतले.

चहा घेऊन बायको दाराशी आली. रोज ती कप दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून निघून जायची. महिन्यापूर्वी चार पाहुण्यांदेखत तो तिच्यावर खेकसला होता, "टेकू नकोस गं फळीला, रूळ हलतात!" त्या दिवसापासून तिने या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. बोलणं कामापुरतं. घर खायला उठायचं, पण 'चुकलो' म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती.

आज ती खोकं बघून थांबली.

"हे काय चाललंय?"

"आवरतोय. भाच्याची पोरं खेळतील."

"इतकं हौसेनं मांडलेलं?" ती कप घेऊन आत आली. "एकदा फिरवा बघू."

त्याने इंजिन उचलून चकतीवर ठेवलं. कंटाळूनच बटण दाबलं. चकती फिरली, थांबली, आणि इंजिन सुळकन शेडमध्ये गेलं.

"चालतंय की!" ती म्हणाली. मग तिचं लक्ष स्वतःच्या कोपराकडे गेलं. ते नेहमीच्या जागी, फळीच्या कोपऱ्यावर टेकलेलं होतं. तिने चटका बसल्यासारखं ते उचललं.

त्याने पुन्हा बटण दाबलं. चकती केसभर अलीकडे थांबली.

तो फळीखाली वाकला. त्या कोपऱ्याखालचा लाकडी पाय आखूड होता, आणि फळी त्या पायाला सोडून वर राहिली होती. इतकी वर्षं बायकोच्या कोपराच्या वजनाने फळी खाली बसत होती. एक लाकडी पाचर सरकवली की काम फत्ते. पाचर हत्यारांच्या पेटीत वरच पडलेली होती.

त्याने पेटीचं झाकण लावलं.

"काय बिघडलंय?" तिने विचारलं.

"ते माझ्याच्यानं नाही व्हायचं दुरुस्त. तू आपली टेक तिथे."

"आणि रूळ हलले म्हणजे?"

"हलू देत."

ती बाहेर गेली, दाराशी ठेवलेलं स्टूल उचलून आत घेऊन आली, आणि त्यावर बसून तिने दोन्ही कोपरं फळीवर टेकली.